म्हातारीचा दाखला

तात्या माझ्या घरी येत ते स्वतःचं पाणी घेऊन.

देवासहून धारला यायला तेव्हा बैलगाडीनं तीन मुक्काम पडत. शेवटच्या मुक्कामाच्या विहिरीवर ते आपला पितळी तांब्या भरून घेत, त्याच्या तोंडावर फुलपात्र पालथं घालत आणि तो मांडीशी धरून माझ्या दाराशी उतरत. आत येऊन देवाला नमस्कार करत, माझ्या सासूबाईंची चौकशी करत आणि पुन्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसत. तहान लागली की त्या तांब्यातलं पाणी पीत. चैत्रातल्या उन्हानं ते पाणी कोमट झालेलं असे. जेवायला दोन गल्ल्यांपलीकडे त्यांचे एक जुने स्नेही होते, त्यांच्याकडे जात.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्या घराण्याची चाल. एरवी तिचं कोणाला काही वाटत नसे, कारण वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलायचा, जावयाकडून आमंत्रण यायचं आणि व्याही वाजतगाजत जेवून जायचे. माझं लग्न बाराव्या वर्षी झालं. बाविसावं लागलं तरी माझी कूस उजवली नव्हती. आई तोवर जाऊन चार वर्षं झाली होती. तिनं माझ्या घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. आता तात्याही असेच जातील, हे मला दिसत होतं. ते पन्नाशी ओलांडलेले होते आणि घरी एकटे होते.

सासूबाईंना सगळे माई म्हणत. त्या बोलायला तिखट होत्या, आणि या ओट्याचा त्यांना फार राग होता.

"व्याही आमचे दाराशी तांब्या घेऊन बसतात," त्या म्हणायच्या. "गल्लीतल्यांना वाटतं, आम्ही पाणी विचारत नाही."

"आपण विचारता हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, माई," तात्या हात जोडून म्हणत. "पण दाखला नाही."

तात्या देवासच्या थोरल्या पातीच्या दफ्तरात होते. देवास गाव एक, पण दरबार दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूचा दिवा एकांचा, त्या बाजूचा दुसऱ्यांचा. अशा गावात मिरवणुकीत कोणाची छत्री पुढे, कोणाचा नगारा आधी, हे सगळं दाखल्यावर चालायचं. पूर्वी कोणी असं केलं होतं का, आणि केलं तेव्हा कोणी हरकत घेतली होती का, एवढंच विचारायचं. दाखला सापडला तर काम झालं. नाही सापडला तर भलेभले हात हलवत परत जात. त्या सगळ्या जुन्या कागदांचे राखणदार तात्या होते. साठ वर्षांपूर्वीचा कागद ते अर्ध्या तासात काढून देत.

"आमच्या घराण्यात सात पिढ्यांत नातवाआधी लेकीकडे कोणी जेवलेलं नाही," ते माईंना म्हणाले होते. "मी शोधलं आहे."

त्यांनी शोधलं होतं, याचा अर्थ माझ्या ध्यानात यायला बरेच दिवस लागले.

तात्यांना दुसरा एक नाद होता, नाटकाचा. दोन्ही पात्यांच्या नोकरमंडळींची मिळून एक हौशी नाटक मंडळी होती. गावात टेकडीवरची देवी आणि ही मंडळी, एवढ्या दोनच गोष्टी वाटून घेतलेल्या नव्हत्या. बायकांच्या भूमिका अर्थात पुरुषच करत. पण कोणी करायच्या, हे गळ्यावर किंवा रूपावर ठरत नसे. वडील हयात असताना मिशी काढणं म्हणजे त्यांचं मरण चिंतणं. म्हणून ज्याचे वडील वारलेले, त्याच्या वाट्याला लुगडं यायचं. एक गोरेगोमटे, नाजूक आवाजाचे कारकून होते, त्यांचे वडील जिवंत म्हणून ते कायम सेनापती. आणि तात्या, रापलेले, रुंद खांद्यांचे, पोरके, ते कायम राण्या आणि राजकन्या.

वय झाल्यावर त्यांनी स्वतःच एक नाटक लिहिलं. नाव 'संगीत कूष्मांडविजय'. नाव ऐकून लोकांना एखादं भारी पौराणिक वाटायचं. पडदा उघडला की कळायचं, ही आपली म्हातारी आणि भोपळ्याचीच गोष्ट. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो, ती म्हणते आत्ता माझ्या अंगावर मांस कुठे, लेकीकडे जाऊन लठ्ठ होऊन येते मग खा. लेकीकडे खाऊनपिऊन ती परत निघते ती भोपळ्यात बसून, आणि वाघाला चकवून घरी पोचते. प्रत्येक मुलानं ऐकलेली गोष्ट. तात्यांनी तिला मोठ्या संगीत नाटकाचा सगळा थाट चढवला होता. आधी भोपळ्याला नांदी, मग सूत्रधार आणि नटी, मग विरहिणीनं गावं तशा आर्त सुरात म्हातारीचं पद:

दात गेले, दाढा गेल्या, भूक कशी ग जाईना
लेकीकडचे तूप आठवे, धीर जिवाला राहीना

वाघ झाले होते खंडोजी, धाकट्या पातीच्या पागेवरचे अंमलदार. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा, आणि मिशा अशा की वाघाला वेगळ्या लावाव्या लागल्या नाहीत. धाकट्या पातीचा वाघ थोरल्या पातीच्या म्हातारीला अडवतो, ही आगळीक तर होत नाही ना, असा प्रश्न तालमीत कोणीतरी काढला होता. तात्यांनी तेव्हाही दाखला शोधला. वाघ रानातला, आणि रान कोणाचं हे गोष्टीत लिहिलेलं नाही, असा निकाल दिला.

अडचण लेकीची होती. नेहमी लेक होणाऱ्या गृहस्थांची सतवासला बदली झाली. उरले शाळेत कवाईत शिकवणारे यशवंतराव. त्यांचे वडील पंच्याऐंशीचे, हाटपिपल्याला ठणठणीत. म्हणजे मिशी निघणार नव्हती.

"काढू नका," तात्या म्हणाले. "लेक लाजरी करू."

त्यामुळे यशवंतराव सबंध नाटकभर पदर नाकाखाली धरून वावरत आणि त्या पदराआडून कवाईतीच्या आवाजात बोलत. "आई, बसा." "आई, जेवा." देवासला त्यावरच लोक गडाबडा लोळले, असं तात्यांनी मला पत्रात कळवलं. शेवटी लिहिलं होतं: रंगपंचमीला धारेस सरदार मानसिंगराव यांचे चौकात प्रयोग ठरला आहे. दुपारचा आहे. तुला सज्ज्यातल्या चिकाच्या पडद्याआडून बघता येईल.

एकोणीसशे नऊ साल होतं ते.

मंडळी दोन दिवस आधी आली. तात्या नेहमीसारखे तांब्या घेऊन उतरले. खंडोजीही दरवेळेसारखे बरोबर होते. त्यांना अर्थात कसली आडकाठी नव्हती. त्यांनी ओट्यावर बसून माझ्याकडून दोन भांडी पन्हं घेतलं, मिशा पुसल्या आणि तात्यांकडे बघून म्हणाले, "काय गार आहे हो."

"असेल," तात्या म्हणाले आणि आपलं कोमट पाणी प्यायले.

"पमाताई, एक काम आहे," खंडोजी मला म्हणाले. "लेकीच्या घराचा देखावा मांडायचा, तर भांडीकुंडी कुठली आणायची? पाट, ताट, वाट्या, तांब्या, समई. तुमची दिलीत तर बरं. देवासहून तीन मुक्काम भांडी वाजवत कोण आणणार?"

"न्या की. पण म्हातारी खाते काय?"

"काय खायची? रिकाम्या ताटात हात फिरवते आणि हवा चावते. आमची म्हातारी हवा फार छान चावते."

आतून माईंचा आवाज आला, "हवा?"

"हो, माई."

आत भांडं घासल्याचा आवाज थांबला.

रंगपंचमीच्या सकाळी माई माझ्याआधी उठलेल्या होत्या. चुलीवर गूळ विरघळत होता.

"मानसिंगरावांचा माणूस दुपारी भांडी न्यायला येईल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आपल्या घरातून भांडं रिकामं जात नाही. काय घालायचं ते तू ठरव. तुझा बाप आहे."

मला कळायला क्षणभर लागला.

"माई, ते ताटावरून उठून जातील. भर लोकांत."

"जातील तर जातील. दहा वर्षं ओट्यावर बसून आहेत, ते काय आत आहेत?"

"पुन्हा येणार नाहीत."

त्या पळीनं गूळ ढवळत राहिल्या. "तेही होईल," त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणत नाही. नको असेल तर नको करू. वाटीत साखर घालून पाठवू. भांडं रिकामं गेलं नाही, एवढं झालं."

मी पोळपाट घेतला.

आई करायची तशा सांज्याच्या पोळ्या केल्या, जायफळ थोडं जास्त. कोवळ्या कैऱ्या नुकत्याच आल्या होत्या, त्यांचा मेथांबा केला. तूप आदल्या दिवशीचंच, रवाळ कढलेलं होतं. ताट माझ्या लग्नातलं घेतलं. तात्यांनी दिलेलं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. आमच्याकडे लग्नात भांडं देणारा नाव घालून देतो. दहा वर्षं घासून अक्षरं बोथट झाली होती, पण वाचता येत होती. ताट वाढून त्यावर दुसरं ताट झाकलं, फडक्यानं बांधलं. माणूस न्यायला आला तेव्हा माईंनी त्याला बजावलं, "वाकडं करू नकोस. आणि उघडायचं ते लेकीनंच. मिशीवाल्या."

मानसिंगरावांच्या चौकात त्या दुपारी अर्धं धार लोटलं होतं. पुरुष सकाळी रंग खेळून आलेले, कोणाचे कान हिरवे, कोणाची शेंडी गुलाबी. माझे यजमान दुसऱ्या रांगेत होते, त्यांची एक भुवई निळी होती. बायका वर सज्ज्यात, बांबूच्या चिकाआड. माझ्या एका बाजूला माई, दुसऱ्या बाजूला मानसिंगरावांच्या आत्या भवानीबाई. सत्तरीच्या, ऐकू थोडं कमी, आणि नाटक म्हणजे डोळ्यांदेखत घडणारी गोष्ट अशी त्यांची समजूत. मागे घरच्या मोलकरणी बसल्या होत्या, त्या मालवी बोलत होत्या.

तात्या लाठी टेकत आले. हिरवं लुगडं, पिकल्या केसांचा टोप, डोईवर पदर. मोलकरणींपैकी एक म्हणाली, "यो तो आदमी हे." दुसरी म्हणाली, "चुप री, डोकरी हे."

मी हसायला म्हणून आले होते. पण खाली बसताना त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला, मग डावा जमिनीला टेकला, आणि टेकल्यावर पदर उगाच एकदा कानामागे सारला. ही आईची बसायची रीत. टाळ्या पडत होत्या, मी चिकाच्या काड्या मोजत राहिले.

मग वाघ आला आणि माझंही भान गेलं. खंडोजी चार पायांवर आले, शेपूट पागेतल्या घोड्याच्या केसांची. नाटकातल्या धीरोदात्त राजानं नायिकेपुढे यावं तसे गुडघा टेकून गायला लागले. म्हातारी लाजली. वाघानं तिचा हात धरला, हाडं चाचपली, आणि पेटीवाल्याकडे वळून तक्रार केली, "ही तर नुसती लाठी आहे हो." खाली लोक मांड्या पिटत होते. भवानीबाई मात्र अस्वस्थ झाल्या. "जाऊ दे रे तिला," त्या चिकातून ओरडल्या. "लेकीकडे चाललीये."

"जाऊ देतो, आईसाहेब," वाघ वर बघून अदबीनं म्हणाला.

पडदा पडून उघडला तेव्हा समोर माझं घर होतं. माझा पाट, माझी समई, माझी पाण्याची घागर. पदर नाकाखाली धरून यशवंतराव उभे. "आई, बसा." तात्या पाटावर बसले. पाट ओळखीचा वाटला की काय, त्यांनी हात फिरवून पाहिला. "आई, जेवा," म्हणून यशवंतरावांनी झाकलेलं ताट पुढे ठेवलं आणि फडकं सोडलं.

पोळ्या अजून ऊन होत्या. वाफ वर सज्ज्यातून दिसली.

तात्यांचा हवेवर फिरायला निघालेला हात तसाच राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग वाकून काठाकडे. अक्षरांवरून बोट फिरवलं. पेटीवाल्यानं पदाची ओळ वाजवली आणि थांबला. पुन्हा तीच वाजवली. विंगेतून कोणीतरी हळू आवाजात ओळ सांगितली. तात्या गात नव्हते. त्यांनी वर सज्ज्याकडे पाहिलं. चिकाआडचं खालून दिसत नाही, हे मला माहीत होतं, तरी मी मागे सरले. माईंनी माझं मनगट धरलं.

लोकांना वाटलं, म्हातारी पद विसरली. मागून एक जण म्हणाला, "खा ना भिया, ठंडी हो जायगी."

हशा झाला. तो ओसरल्यावर तात्यांनी पदर सावरला आणि म्हातारीच्याच आवाजात विचारलं, "लेकी, तुला मूलबाळ काय आहे ग?"

हे नाटकात नव्हतं. यशवंतराव गोंधळले. पदर हातातून सुटला, मिशी उघडी पडली, ती त्यांनी घाईनं झाकली. "मला... ते सांगितलेलं नाही," ते कवाईतीच्या आवाजात म्हणाले.

चौक हादरला. तात्या मात्र हसले नाहीत. ते आता दफ्तरात बसल्यासारखे बसले होते, लुगड्यात.

"वाघोबा," त्यांनी हाक मारली.

विंगेतून खंडोजींचं डोकं बाहेर आलं. "काय ग, म्हातारे?"

"तू रानातला जुना. या गोष्टीत मला नातू आहे का?"

खंडोजींनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं. ओट्यावर दहा वर्षं त्यांच्याशेजारी बसलेला माणूस तो. त्यांना काय कळायचं ते कळलं. चार पायांचे दोन पाय करून ते पुढे आले. "नाही," ते म्हणाले. "मी माझ्या आजीकडून ऐकली, आईकडून ऐकली. लेक आहे, भोपळा आहे, मी आहे. नातू नाही."

"नीट आठव. साक्ष आहे ही."

"नाही म्हणजे नाही."

तात्या लोकांकडे वळले. पहिल्या रांगेत एक वृद्ध शास्त्रीबुवा बसले होते, कपाळाला गुलाल. "बुवा, आपण ऐकलीत ही गोष्ट?"

"लहानपणी ऐकली," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांना सर्वांसमोर बोलायचा संकोच वाटत होता, पण प्रश्न रीतीचा होता. "नातवाचा उल्लेख नाही."

"वर कोणी ऐकली आहे?"

"शंभरदा," भवानीबाई चिकातून म्हणाल्या. "नातू नाही. आता जेव ग बाई."

"नातू नाही," तात्या म्हणाले. "आणि म्हातारी लेकीकडे जेवते?"

"जेवते," चौक म्हणाला.

"तूप घेते?"

"घेते."

"आजवर कोणी हरकत घेतली?"

आता हे सगळ्यांना नाटकातलंच वाटत होतं. "नाही," लोक एका सुरात म्हणाले. माझे यजमान उभे राहून म्हणत होते. त्यांना ते नाटकातलं वाटत नव्हतं.

"मग दाखला आहे," तात्या म्हणाले आणि पोळी मोडली.

पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला. मला वाटतं, जायफळ कळलं असावं. मग मेथांब्यात बोट बुडवून पाहिलं. मग ते जेवले. हवा चावायला नाटकात दोन मिनिटं ठेवलेली होती. तात्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या. पेटीवाल्यानं तोवर जमेल ते वाजवलं, खंडोजींनी भुकेनं जीभ चाटून घेतली, यशवंतराव प्रत्येक पोळीला "आई, घ्या" म्हणत राहिले, आणि लोक मोजत राहिले. शेवटची पोळी तोंडात असतानाच तात्यांनी लठ्ठ होण्याचं पद धरलं:

एक पोळी, दोन पोळ्या, तिसरीला ग नाही नाही
नाही म्हणता पाचवी आली, लेकीपुढे चालत नाही

शब्द नीट उमटत नव्हते. ते पद तीनदा परत म्हणायला लावलं.

त्यापुढचं नाटक मला तुटकच आठवतं. कामट्या आणि कागदाचा भोपळा देवासला एका उपाशी म्हातारीच्या मापानं केलेला होता. तात्या आत बसले तेव्हा एका बाजूनं फाटला आणि हिरवं लुगडं बाहेर आलं. वाघानं ते सभ्यपणे आत खोचलं आणि मगच भोपळ्याला हरकत घेतली. भोपळा गडगडत सुटला तो थेट शास्त्रीबुवांच्या मांडीशी थांबला. भवानीबाई रडत होत्या. "सुटली," त्या म्हणाल्या.

दिवेलागणीच्या सुमाराला आमच्या गल्लीत ढोलकी ऐकू आली. मी दारात गेले. पुढे तात्या, अजून लुगड्यात, टोप थोडा कललेला. मागे खंडोजी, यशवंतराव, पेटीवाला, आणि रंगलेली गल्ली. तात्यांच्या हातात तांब्या नव्हता. तो दोन दिवसांपासून आमच्या ओट्यावरच होता, रिकामा.

उंबऱ्याशी ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते ओट्याकडे बघत होते.

माई पुढे आल्या. त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा आणला होता. "या, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "केव्हाची वाट बघतेय. वाटेत वाघबीघ भेटला नाही ना?"

"भेटला," तात्या म्हणाले. "मागेच आहे. त्यालाही जेवायला घाला."

आणि पदर सावरून आत आले. भिंतीशी टेकून बसले, गुडघ्यावर हात ठेवून. मी पाण्याचं फुलपात्र पुढे केलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं प्यायले.

"गार आहे तुमच्या विहिरीचं पाणी," ते म्हणाले. "खंडोजी म्हणाले होते." मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "आणखी दे."

तांब्या माईंनी भरून त्यांच्यासोबत द्यायला काढला, तर त्यांनी नेला नाही. "राहू दे," म्हणाले. "वाटेत विहिरी आहेत."

मला मूल झालं नाही. या गोष्टीला आता एकोणतीस वर्षं होतात. दरवर्षी दोनदा तात्या येत, पुढे मोटारी सुरू झाल्यावर तीनदा. दारात आले की उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेत आणि "म्हातारी आलीय" म्हणत. माई होत्या तोवर "या, विहीणबाई" म्हणत, पुढे मी म्हणू लागले. मग उपरणं काढून ते खांद्यावर टाकत, पाटावर बसत आणि जेवत. आमच्या नात्यातल्या एकांनी एकदा त्यांना छेडलं, की व्याह्यांकडे नातवाशिवाय कसे जेवता. तात्यांनी त्यांना दिवस, ठिकाण आणि साक्षीदारांची नावं सांगितली. त्यानंतर त्या घरातल्या दोन लेकींकडे त्यांचे वडील जेवू लागले, असं ऐकलं.

कार्तिकात तात्या गेले. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

परवा खंडोजी आले. ऐंशीला टेकले आहेत, मिशा पूर्ण पांढऱ्या, पोट उतरलेलं. देवासहून एकटेच मोटारीनं आले, मला भेटायला. आत या म्हटलं तर म्हणाले, "नको, इथंच बरं," आणि ओट्यावर तात्यांच्या जागेच्या शेजारी बसले, तात्यांची जागा सोडून. मी तात्यांच्या तांब्यातून पाणी आणलं. ते तांब्याकडे बघत राहिले.

"पमाताई," ते म्हणाले, "गोष्टीत म्हातारी शेवटी नीट घरी पोचते ना?"

"पोचते."

"मला आता आठवेनासं झालंय. मी अडवतो, एवढं आठवतं."

"तुम्ही अडवता. ती थांबत नाही."

"कशी थांबेल," ते म्हणाले. "पाच पोळ्या खाऊन निघालेली." मग हसायला लागले, आणि त्यांना हसताना पाहून मलाही आवरेना.

पाणी संपल्यावर त्यांनी फुलपात्र पुढे केलं. मी विचारलं, आत पाट मांडू का. ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. पोळ्या सांज्याच्याच केल्या होत्या.